८.२ किलो : सुजलेल्या एका पोरीची केस

केस लिहायची म्हणजे आधी वय, वजन, तक्रार, मग तपासणी, मग उपचार असं ओळीने लिहायचं असतं, पण ही केस तशी लिहिली तर त्यातलं मुख्यच निसटतं, कारण इथं सगळा घोळ वजनानेच घातलाय. म्हणून जशी घडली तशी लिहितोय. मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, मूळचा अमळनेरकडचा, पोस्टिंग नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला, तळोदा-अक्कलकुवा पट्ट्यातल्या एका उपकेंद्रात. गावाचं नि दवाखान्याचं नाव देत नाही, पोरीला आपण चिमी म्हणू.

चिमीचं घर पाड्यावर. आईबाप दोघं ऊसतोडीला जातात, दिवाळी आटोपली की गुजरातेत, बारडोली-सुरतकडं. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो, म्हणजे पेरणीला बियाणं आणायचंय, घरात कुणी आजारी आहे, लग्न निघालंय, तेव्हाच पैसे हातात पडतात, आणि मग दिवाळीनंतर ट्रक पाड्याखाली येऊन लागला की नाही म्हणायची सोयच राहत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत कोयते मोजतात, पोरं मोजत नाहीत, आणि आमच्या वहीत पोरं मोजतात पण ती सहा महिने तिथं नसतात.

नोव्हेंबरात निघताना चिमी १६ महिन्यांची होती, वजन ७.९. अंगणवाडीच्या तक्त्यात हिरव्या पट्ट्यात, पण कडेला, खालच्या रेघेच्या जेमतेम वर. आई तेव्हा सात महिन्यांची गरोदर आणि त्यामुळं चिमीचं अंगावरचं पिणं दोन-तीन महिने आधीच तोडलेलं. पोटुशी बाईचं दूध पोराला बाधतं असं इथं पक्कं धरतात, आणि इथंच कशाला, आमच्या घरी माझ्या आईला विचारा, तीही हेच सांगेल. दूध सुटलं तर त्याची जागा घ्यायला काहीतरी पाहिजे ना, ते काही नव्हतं.

तिकडं पडावावर म्हणजे तोडणाऱ्यांच्या वस्तीवर काय खायची, हे मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. आई पहाटे चारला फडात जायची, चिमी तिच्या आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. भाकरी पाण्यात कुस्करून, वर मीठ, बहीण जेवढी भरवेल तेवढी. दाळ व्हायची ती आठवड्याचा खर्चीचा पैसा मिळाला की त्या दिवशी. जानेवारीत धाकटा भाऊ झाला, आई पंधराव्या दिवशी पुन्हा मोळ्या बांधायला. चिमीला त्या दरम्यान दोनदा मोठी हगवण लागली. ओआरएसचं पाकीट नाही, झिंक नाही, एकदा कुणीतरी गोळी दिली तेवढंच. लसीचं कार्ड घरीच राहिलेलं, त्यावर गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि व्हिटॅमिन ए दोन्ही रकाने कोरे.

होळीला सगळे चार दिवस आले. आमच्याकडं होळी म्हणजे काय हे नंदुरबारबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही, दिवाळीला न आलेला माणूस होळीला येतो म्हणजे येतोच. तर तेव्हा आजीनं नातीला बघितलं नि तिला आनंदच झाला, गाल गोल झालेले, हात भरलेले. सगळा पाडा म्हणाला गुजरातचं पाणी मानवलं पोरीला. चार दिवसांनी परत गेले, आणि ऊस संपवून कायमचे आले ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर.

आता माझी चूक. आखाजीच्या आठवड्यात पाड्यावर ग्राम आरोग्य पोषण दिवस होता, मी स्वतः हजर. अंगणवाडीताईनं चिमीला काट्यावर ठेवलं, ८.२ किलो. वय २२ महिने. तक्त्यात पिवळं, म्हणजे मध्यम कमी वजन, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडं पिवळं बघून कुणी दचकत नाही, अर्धी अंगणवाडी पिवळ्यातच असते. (२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नंदुरबारची पाच वर्षांखालची निम्म्याहून जास्त पोरं कमी वजनाची निघाली होती, मग पिवळ्याला कोण विचारतो.) वर मागचं वजन ७.९, आताचं ८.२, म्हणजे वाढलंय. पोषण ट्रॅकर ॲपवर भरलं, मी तिच्या गालाला हात लावला, "गुबगुबीत झाली की" असं म्हणालो आणि पुढच्या पोराला बोलावलं. या वयात सहा महिन्यांत किलोभर तरी वाढायला हवं, तिचं ३०० ग्रॅम वाढलंय, हा हिशोब मी केला नाही, आणि पायाकडं तर बघितलंच नाही.

बघितलं ते आशाताईनं. चार दिवसांनी तिचा फोन, "सर, ती पोरगी खेळत नाही. नुसती बसते. आणि पायातला काळा दोरा रुतलाय." ह्या वाक्यात किती डॉक्टरकी आहे हे मला पाड्यावर पोचल्यावर कळलं. दृष्ट लागू नये म्हणून घोट्याला काळा दोरा बांधतात ना, तो दिवाळीला बांधला तेव्हा सैल होता, आता मांसात घुसलेला. वाढत्या पोराचा दोरा घट्ट होतो हे खरं, पण दोन्ही पायांवर कातडी अशी चकाकत नाही.

पायाच्या वरच्या भागावर अंगठा ठेवून तीन सेकंद दाबला, उचलला. खड्डा तसाच. दुसरा पाय, तसाच. नडगीवर दाबला, तिथंही, हाताच्या पाठीवर जरासा. चेहऱ्यावर अजून नव्हता पण डोळ्यांखाली फुगलेलं. म्हणजे सूज दोन प्लस. केस तांबूस, विरळ, चिमटीत धरले की न रडता हातात येतायत. मांड्यांच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडून जुन्या भिंतीचा रंग निघावा तशी पापुद्र्यांनी सुटलेली. आणि सगळ्यात जास्त म्हणजे ती किरकिर, हात लावला की चिडायची, सोडलं की शून्यात बघत बसायची, भाकरीचा तुकडा हातात दिला तर धरून ठेवायची पण तोंडात घालायची नाही.

टेपनं दंडघेर मोजला तर ११.८ सेंटिमीटर. ११.५ च्या खाली असेल तर तीव्र, लाल. हा पिवळा. उंची ७६, उंचीच्या मानानं वजन बघितलं तर तक्त्यात चक्क हिरवं. म्हणजे काटा, टेप, तक्ता सगळे म्हणतायत पोरगी ठीक आहे किंवा थोडी कमी आहे, आणि एकटा अंगठा म्हणतोय ती मरणाच्या दारात आहे. अशा वेळी अंगठ्याचं ऐकायचं असतं. दोन्ही पायांना खड्डा पडणारी सूज असली (आणि दुसरं कारण नसलं) की वजन काहीही असो, पोर सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात धरायचं. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

मग पाय का नाही बघितले? एक कारण असं की आपल्याकडं कुपोषण म्हणजे हाडं दिसणारं, म्हाताऱ्यासारख्या तोंडाचं पोर, सुकटी. डोळ्याला तीच सवय. सुजवटी, म्हणजे हा सुजलेला प्रकार, आपल्याकडं कमी, आफ्रिकेत मलावी, काँगो अशा देशांत खूप जास्त दिसतो. त्याचं क्वाशिओरकोर हे नावच तिकडचं. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाई गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या, त्यांनी तिथल्या बायकांनाच विचारलं ह्याला काय म्हणता, तर गा भाषेतला हा शब्द मिळाला, अर्थ साधारण असा की धाकटं आलं नि थोरलं आईच्या अंगावरून उतरवलं गेलं, त्या थोरल्याला होणारा आजार. मी हे वाचलं तेव्हा खाटेवर उठून बसलो. चिमीची पूर्ण हिस्टरी एका शब्दात, घानातल्या बायकांनी कधीचीच लिहून ठेवलेली.

पुष्कळ वर्षं समज होता की सुजवटी म्हणजे प्रोटीन कमी पडणं, बास. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. गोपालन यांनी १९६० च्या दशकातच दाखवलं होतं की सुकलेल्या नि सुजलेल्या पोरांच्या खाण्यात तसा फरक सापडत नाही, एकच भाकरी खाऊन एक पोर सुकतं नि एक सुजतं. नेमकं का, यावर अजून वाद चालूच आहेत, आतड्यातले जंतू, वारंवारचे जुलाब, गोवरासारखे आजार अशी बरीच नावं येतात. मला एवढंच कामाचं की "दाळ नाही म्हणून सूज, मग दाळ नि अंडी घाला, झालं" हा हिशोब चुकीचा आहे आणि पहिल्या आठवड्यात तर जिवावरचा आहे. ते पुढं येईलच.

पायाला सूज आली की आमच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आधी डोक्यात येते, सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. भिल्ल-पावरा समाजात त्याचं प्रमाण बरंच आहे आणि दीड-दोन वर्षांच्या पोराला त्यात हातपाय सुजून येतात. पण ती सूज दुखरी असते, हात लावला तर पोर किंचाळतं, आणि खड्डा असा पडत नाही. तरी सोल्युबिलिटी टेस्ट केली, निगेटिव्ह. लघवी तपासली, अल्ब्युमिन नाही, म्हणजे किडनीचं नाही. मग राहतं काय.

बापानं मधल्या काळात एक उद्योग केलाच होता. आठवड्याच्या बाजाराला खाली उतरला तेव्हा पोरीला एका खासगी सुईवाल्याकडं घेऊन गेला, त्यानं अर्धी सलाईन लावली, एक इंजेक्शन दिलं आणि सूज उतरायला म्हणून लघवी होण्याचं औषध दिलं. ६०० रुपये घेतले. बापाला दोष द्यावासा वाटत नाही, त्याला कुणीतरी पोरीच्या सुजेकडं बघितलं तरी, मी तर गाल ओढून सोडून दिलं होतं. पण ही दोन्ही औषधं अशा पोराला घातक. सलाईननं थकलेल्या हृदयावर पाण्याचा भार पडतो, आणि लघवीच्या औषधानं आधीच कमी पडलेलं पोटॅशियम आणखी निघून जातं. सुजेचं औषध सूज उतरवण्याचं नसतं, हे लोकांना कसं सांगायचं हाच प्रश्न.

दुसऱ्या दिवशी १०८ बोलावून एनआरसीत, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात भरती केलं. आई, तान्हं, चिमी आणि आजी अशी चौघं गेली. बाप पाड्यावर, कारण शेळ्या. वजन तिथंही ८.२.

तिथल्या उपचाराचं लोकांना, आणि खरं तर स्टाफमधल्याही काहींना, न पटणारं गणित असं आहे की पोर उपाशी आहे तरी पोटभर द्यायचं नाही. एफ-७५ नावाचं पातळ दूध, १०० मिलीत ७५ कॅलरी, प्रोटीन अगदी थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. चिमीला एका वेळी ९० मिली. म्हणजे चहाच्या कपाएवढं. सोबत अँटिबायोटिक, ताप असो नसो, कारण अशा पोराला इन्फेक्शन असलं तरी ताप येण्याएवढी ताकद अंगात नसते. लोहाचं लाल औषध पहिल्या आठवड्यात नाही. मीठ टाळायचं.

हे मला एका शेतकऱ्याला समजवायचं असतं तर मी मोटारीचं उदाहरण दिलं असतं. आपल्याकडं लो व्होल्टेजवर विहिरीची मोटार चालवली तर काय होतं, घरघर करते, पाणी कमी येतं, पण चालते. अशात तिच्यावर जादा लोड टाकला तर वाइंडिंग जळतं. पोराचं शरीर महिनोन्‌महिने लो व्होल्टेजवर चालायला शिकलेलं असतं, हृदय हळू, लिव्हर मंद, किडनी मीठ बाहेर टाकू शकत नाही. आधी व्होल्टेज हळूहळू आणायचं, मग एफ-१००, म्हणजे त्याहून जास्त ताकदीचं दूध, नि खिचडी नि अंडं. पहिल्याच दिवशी चिकनचं सूप पाजून दगावलेली पोरं आहेत, आणि ती पाजणाऱ्याचं प्रेमच जास्त होतं हो.

हे सगळं बरोबर चाललं होतं आणि म्हणूनच बिघडलं. दुसऱ्या दिवशी ८.०, तिसऱ्या दिवशी ७.८, पाचव्या दिवशी ७.३. रोज सकाळी सिस्टर वजन करायची, कागदावर लिहायची, समाधानानं मान हलवायची. सूज उतरत होती, पाणी बाहेर पडत होतं, खाली लपलेली हाडं वर येत होती, म्हणजे पुस्तकात लिहिल्याप्रमाणं एक नंबर रिस्पॉन्स. आणि आजी रोज काट्यासमोर उभी राहून बघत होती. तिला वाचता येत नाही पण काट्यावरचा आकडा कालच्यापेक्षा वेगळा आहे नि सिस्टर खूश आहे हे दिसत होतं, आणि नात रोज अर्धी होत होती हेही. गाल गेले. बरगड्या आल्या. पोरगी आणली तेव्हा गोल होती, सरकारी दवाखान्यात चहाच्या कपानं दूध पाजून पाच दिवसांत हाडं काढली.

सहाव्या रात्री आजी सगळ्यांना घेऊन निघून गेली. सकाळी मला एनआरसीतून फोन, "तुमची केस पळाली." रजिस्टरला "न सांगता निघून गेले" असा शेरा. ह्या पळाली शब्दाची मला चीड आहे, जसं काही तुरुंगातून पळाली. त्या पाच दिवसांत आजीला कुणी सांगितलं होतं का, की बाई वजन उतरणार आहे, उतरलंच पाहिजे? आहारतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या "काउन्सेलिंग झालंय", आणि ते खोटं नव्हतं, झालं होतं, प्रमाण मराठीत, सहा घटकांवर, हात धुण्यापासून. आजीला भिली येते आणि बाजारापुरती अहिराणी.

मी नि आशाताई त्याच दिवशी वर चढायला निघालो, पण रस्त्यात गाडी बिघडली ते एक सोडा, पोचलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी. आजी दारातच बसलेली. मला बघून तिनं तोंड फिरवलं. मी म्हणालो, "माय, पोर कशी शे?" तर एकदम उसळली, "पोर मोटी व्हती! तुम्हीन वायाडी टाकी! आते कसाले उनात?" म्हणजे धडधाकट पोर होती, तुम्ही वाळवून टाकली, आता कशाला आलात. माझ्याकडं उत्तर होतं, मी ते द्यायला लागलोसुद्धा, प्रोटीन, पेशी, पाणी धरून ठेवणं, अहिराणीतच सांगत होतो पण शब्द सगळे पुस्तकातले, आणि आजी माझ्या मागच्या डोंगराकडं बघत होती.

मग आशाताईनं मला हातानंच गप्प केलं नि भिलीत आजीशी बोलायला लागली. काय बोलली ते मला उतरताना तिनं सांगितलं. ती स्वतः हंगामात कापूस वेचायला जाते, आजी तर आयुष्यभर गेली. वेचणीची मजुरी किलोवर. पहाटे दव पडलेला कापूस वेचला तर गाठोडं जड भरतं, वेचणारणीचा फायदा, आणि म्हणून शेतमालक ऊन चढल्याशिवाय वेचू देत नाही, नाहीतर वाळवून मोजतो. तर आशाताईनं एवढंच विचारलं, की सकाळचं दहा किलोचं गाठोडं दुपारी आठ किलो भरलं तर दोन किलो कापूस कुणी चोरला का?

आजी बराच वेळ बोलली नाही. मग आत जाऊन तिनं चिमीला बाहेर आणलं, माझ्यासमोर तिच्या पायावर अंगठा दाबला. बारीकसा खड्डा पडला, पूर्वीपेक्षा उथळ. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "मंग इना आंगमा पानीच व्हतं का?" मी हो म्हटलं. एवढंच. मी साडेतीन वर्षं पोषणावर भाषणं देतोय आणि त्यातलं एकही कापसाच्या गाठोड्याइतकं चाललेलं नाही.

पण दोन रात्रींत नुकसान झालंच होतं. घरी आणल्याच्या आनंदात तिला मीठ घातलेली उडदाची दाळ पाजलेली, सूज परत थोडी चढलेली, आणि आजी म्हणत होती ताप नाही हो, अंग एकदम थंड आहे. हे थंड अंग ऐकून माझ्या पोटात गोळा आला. थर्मामीटर ३४.८. अशा पोराचं अंग गार पडणं हे तापापेक्षा वाईट, सहसा त्याच्यासोबत साखर उतरलेली असते आणि आत कुठंतरी इन्फेक्शन असतं. ग्लुकोमीटरवर ४८. ५४ च्या खाली म्हणजे तातडी. पिशवीत ग्लुकोज होतं, १० टक्क्यांचं पाणी करून ५० मिली चमच्या-चमच्यानं पाजलं, आजीनं पोरीला लुगड्याच्या आत उघड्या छातीशी धरलं, वरून गोधडी, आणि तशीच ती गाडीपर्यंत उतरली. दीड तास. मी उन्हात घाम पुसत होतो नि ती म्हातारी गोधडी पांघरून उतरत होती.

दुसऱ्यांदा भरती झाली तेव्हा वजन ७.५. श्वास जोरात, न्यूमोनिया, इंजेक्शनवर ठेवलं. पुन्हा एफ-७५, पुन्हा दर दोन तासांनी, फक्त ह्या वेळी रात्रीच्या फीडला आजी स्वतः सिस्टरला उठवायची. (सिस्टरनं ही तक्रार माझ्याकडं केली, मी लिहून घेतली नाही.) पाच दिवसांनी पायाला अंगठा दाबला तर काही नाही. वजन ६.९. हे तिचं खरं वजन. ७६ सेंटिमीटर उंचीला ६.९ म्हणजे लालच्याही खाली, दंडघेर ११.०. म्हणजे मी गुबगुबीत म्हणालो तेव्हा ती आतून एवढीच होती, वरचं सव्वा किलो पाणी.

आणि त्या दिवशी दुपारी तिनं पहिल्यांदा कुणाच्या तरी हातातून काहीतरी हिसकावलं. तान्ह्या भावाच्या झबल्याची नाडी होती. आई हसली. पोर चिडवतंय, हिसकावतंय, म्हणजे भूक येणार. तशी आलीच, एफ-१०० वर गेल्यावर ती वाटी चाटायला लागली, आणि मग रोज ७०-७५ ग्रॅम, कधी जास्त.

आई मध्ये आठ दिवस तान्ह्याला घेऊन घरी गेली, पाऊस तोंडावर आलेला, शेतीची तयारी कोण करणार. आईला बुडीत मजुरी मिळते पण ती बँकेत जमा होते, आणि होते तेव्हा होते. आजी राहिली. सुटी देण्याचा नियम असा की सूज गेल्यावरचं जे सगळ्यात कमी वजन, त्याच्यावर १५ टक्के वाढ झाली पाहिजे. ६.९ वर १५ टक्के म्हणजे ७.९ च्या जरा वर. पहिल्या भरतीपासून अठ्ठाविसाव्या दिवशी ७.९५ भरलं, सोडलं.

इथं एक गंमत झाली. महिन्याचा रिपोर्ट भरणाऱ्या मुलानं मला फोन केला, सर तुमच्या केसमध्ये एंट्री चुकलीय, भरतीचं वजन ८.२ आणि डिस्चार्जचं ७.९५, पोरगी एनआरसीत राहून कमी कशी झाली? मी त्याला म्हणालो, आजीनंही हेच विचारलं होतं.

आकड्यांचं बोलायचं तर जगात २०२२ साली पाच वर्षांखालची सुमारे ४९ लाख पोरं गेली, आणि अशा मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास मृत्यूंच्या मागं कुठं ना कुठं कुपोषण असतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र न्यूमोनिया, जुलाब असंच लिहिलेलं असतं. चिमी त्या दुसऱ्या भरतीत गेली असती तर मीसुद्धा न्यूमोनियाच लिहिला असता. सुईवाल्याची सलाईन, पडावावरची भाकरी, कोरी कार्डं, माझं गुबगुबीत, यातलं काही दाखल्यावर येत नाही, त्याला रकानाच नाही.

नंतरचे फॉलोअप चार व्हायला हवे होते, दोन झाले. दुसऱ्या वेळी ८.६, गोवरचा दुसरा डोस दिला, व्हिटॅमिन ए दिलं. घरात आता शेवग्याचा पाला नि अंडी वगैरे खातात असं काही मी लिहिणार नाही, कारण जेवढं होतं तेवढंच खातात, फक्त चिमीला आजी आपल्या ताटात घेऊन बसते आणि भाकरी दाळीत कुस्करते, पाण्यात नाही, वर शेंगदाण्याचा कूट. उपकेंद्रात मी आता काटा नंतर लावतो, आधी पाय बघतो. अंगणवाडीताई वैतागतात, वेळ जातो म्हणून. जाऊ दे.

ह्या दिवाळीनंतर ट्रक लागला. उचल ह्या वेळी जास्त घेतलेली, कारण मागच्या उन्हाळ्यात महिनाभर कामं बुडाली. स्थलांतराची नोंद करायचं ॲप आलंय, त्यात कुटुंब टाकलं, पलीकडच्या अंगणवाडीत कुणी त्याच्याकडं बघतं की नाही ते बघू. चिमी आजीजवळ ठेवली. धाकटा आईबापाबरोबर गेला, त्याला ठेवणार कसा, अंगावर पितो. जायच्या आदल्या दिवशी मी नि आशाताई वर गेलो, दोन ओआरएसची पाकिटं नि झिंकच्या गोळ्या आईच्या पिशवीत घातल्या, कार्डाची झेरॉक्स घातली, आणि तान्ह्याला काट्यावर ठेवलं. वय १० महिने, वजन ७.६, दंडघेर १२.६, पायाला खड्डा नाही. आई पुन्हा गरोदर आहे का विचारलं तर ती नुसती हसली. तक्त्यावर टिंब मांडलं. हिरव्यात आलं, कडेला.